लाल फडकं

एन्तिसने चौथ्या नटाला पाना लावला आणि तो हलेना म्हणून पान्यावर सगळा भार टाकला. नट करकरला, अडला आणि एकदाचा फिरला.

"अबाह, जरा बेताने. नटाआधी तुमची कंबर निघून हातात येईल," डुडुंग म्हणाला. एन्तिसला सगळे अबाह, म्हणजे आजोबा, म्हणत.

"तुझ्या ट्रकचा गिअरबॉक्स दोनदा हातात आलाय. माझ्या कंबरेची काळजी तू करू नको."

पांगालेंगानच्या चहाच्या डोंगरात, वळणावरच्या या पत्र्याच्या गॅरेजात दर शनिवारी दुपारी डोंगरवाटांवर चालणाऱ्या जुन्या ट्रेल मोटरसायकलींचे वेडे जमत. वेडे हा शब्द त्यांच्या बायकांचा. एखादी जुनी गाडी उघडायला आली की त्यांचा एक नेम होता: प्रत्येकाने ती गाडी पहिल्यांदा कधी पाहिली ते सांगायचं आणि मालकाने सगळ्यात शेवटी. नट सैल करायला हरकत नसे, पण मालकाचं सांगून झाल्याशिवाय सिलिंडर उचलायचा नाही.

आजची गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती. पिवळी, शंभर सीसीची, पुढचे शॉकअप वाकलेले. चौतीस वर्षं ती मुकादम महपूदच्या घरामागच्या खोपीत कुलपात पडून होती. मुकादम वारला, गेल्या महिन्यात खोपीचं छप्पर बसलं, तेव्हा त्याच्या मुलीने, इमासने, गुनगुन सरांना निरोप धाडला की येऊन घेऊन जा. नेमाप्रमाणे मालकाला यावं लागतं, असं सरांनी उलट कळवलं, म्हणून ती आली होती. तळलेल्या केळ्यांची ताटली मधे ठेवून एका उलट्या क्रेटवर अवघडून बसली होती.

गुनगुन सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी वर्गात खाकरावं तसा घसा खाकरला.

"मी सहावीत होतो. मुकादम पहिल्यांदा हिच्यावर बसून मळ्यात आले, तेव्हा पानं खुडणाऱ्या सगळ्या बायकांचे हात थांबले. मी चढावर हिच्या मागे धावायचो, धुराचा वास घ्यायला. घरी आई विचारायची, शर्टाला कसला वास येतो रे? मी सांगायचो, आज विज्ञानाचा तास होता."

"आणि पुढे आम्हाला विज्ञानात नापास करून त्याची भरपाई केलीत," डुडुंग म्हणाला. मग त्याची पाळी आली. "माझी आणि हिची पहिली भेट अंगावरच झाली. शुक्रवारचे पांढरे कपडे घालून मशिदीत निघालो होतो. ही डबक्यातून गेली आणि मी डोक्यापासून पायापर्यंत चिखल. आईने त्याच अवतारात मला बडवलं. तेव्हाच ठरवलं, मोठं झाल्यावर आपणही लोकांच्या अंगावर चिखल उडवायचा. म्हणून ट्रक चालवतो."

सर हसले. इमासही थोडी हसली. त्या दिवशी गाडीवर कोण होतं ते डुडुंगने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

गाडीवर यायात होता, इमासचा थोरला भाऊ, तिचा कांग; बापाची नजर चुकवून त्याने ती काढली होती. चौतीस वर्षांपूर्वी ईदच्या सकाळी, बापाला न विचारता, शेजारच्या लिलिसला मागे बसवून तो ही गाडी घेऊन निघाला आणि तळ्याच्या उतारावरून दोघंही दरीत गेली. पोरगी मागे घेऊन शान मारायला गेला आणि तिलाही घेऊन मेला, असं गावाने ठरवून टाकलं. मुकादमाने गाडीला कुलूप घातलं आणि मुलाच्या नावालाही. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थनासुद्धा घरात होऊ दिली नाही. आई आधीच गेलेली; उरली इमास. दर ईदला ती केतुपातचा, म्हणजे झावळीत शिजवलेल्या भाताचा, डबा घेऊन लिलिसच्या आईच्या, बी ओनाहच्या, म्हणजे ओनाहमावशीच्या, दारात जाते. त्या दिवशी सगळं गाव एकमेकांची माफी मागत घरोघर फिरतं आणि सगळी दारं सताड उघडी असतात. ते एक दार इमाससाठी आजवर उघडलेलं नाही. ती डबा पायरीवर ठेवते आणि परत येते.

हे एन्तिसला माहीत होतं. गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

त्या ईदच्या आदल्या सकाळी ही गाडी त्यानेच दुरुस्त करून मुकादमाच्या अंगणात नेऊन लावली होती. इंजिनाला तेल पुरवणारा पंप बिघडला होता, नवा कुठे मिळेना. त्याने पंपच काढून टाकला. म्हणजे त्यापुढे पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, नाहीतर इंजिन चालता चालता जाम होणार आणि मागचं चाक जागच्या जागी बांधलं जाणार. अशा गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाला लाल फडकं बांधायची या डोंगरात तेव्हा रीत होती. फडकं दिसलं की रस्त्याकडेला बाटलीतून पेट्रोल विकणारी म्हातारीही न विचारता त्यात तेल ओतायची. मुकादम घरी नव्हता. फडकं काय ते सांगेल, असं म्हणून एन्तिस निघून आला होता.

पण बांधलं होतं का? कधी त्याच्या बोटांना ती गाठ आठवायची. कधी आठवायचं की सणाची घाई होती, सात गाड्या अजून व्हायच्या होत्या, तसाच निघालो. अपघातानंतर तो दरीत उतरला तेव्हा झाकणाला काहीच नव्हतं. त्या दिवसापासून त्या दोन पोरांचं मरण त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, आणि तोंड उघडायची छाती मात्र झाली नव्हती. भ्याड होता, दुसरं काय. आता अडुसष्टावं लागलं होतं. इमासचं सांगून झालं की सिलिंडर काढायचा आणि सगळ्यांदेखत बोलून टाकायचं, असं त्याने आज पहाटे नमाजानंतर ठरवलं होतं.

एन्तिसने आपली पाळी हातानेच पुढे ढकलली. "तेह इमास, आता तुम्ही," डुडुंग म्हणाला; तेह म्हणजे ताई.

"मला काय सांगता येणार तुमच्यासारखं," इमास म्हणाली. "अकरा वर्षांची होते. गाडी अपांची, आम्हाला हात लावायची सोय नव्हती. ईदच्या आदल्या दिवशी अपा मळ्यावर होते आणि ही अंगणात एकटीच उभी. कांग यायात संध्याकाळी बांडुंगहून येणार होता. म्हटलं, त्याला दाखवावी. बादली घेऊन बसले. आरशापासून चाकाच्या तारांपर्यंत सगळं घासलं. पिवळा रंग असा निघाला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. पेट्रोलच्या झाकणाला कुणीतरी एक फडकं बांधलं होतं, लाल, तेलकट. एवढी चकचकीत गाडी आणि सणासुदीला तिच्या गळ्यात ते लक्तर. गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. चुलीत टाकलं."

ती थांबली. कुणी केळ्याला हात लावला नव्हता.

"कांग यायात आला आणि म्हणाला, अशी तर दुकानातही नसते. उद्या तुला चक्कर मारून आणतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आधी लिलिसला नेलं. माझा नंबर दुसरा होता."

सरांनी डुडुंगकडे पाहिलं आणि डुडुंगने एन्तिसकडे. लाल फडक्याचा अर्थ या तिघांना ठाऊक होता. पुढे तशा गाड्याच राहिल्या नाहीत, रीतही गेली, आणि ज्या मुलीला कधी गाडी चालवायचीच नव्हती तिला तो अर्थ कुणी सांगितला नव्हता.

एन्तिसने पाना खाली ठेवला. बांधलं होतं. दातांनी सोडवावं लागेल इतकं गच्च बांधलं होतं. चौतीस वर्षं तो उगाच मरत आला होता. त्याला इतकं हलकं वाटलं की तो जवळजवळ हसला. मग त्याची नजर इमासवर गेली. ती बोटाने क्रेटवरची धूळ पुसत होती.

"काढा ना आता," ती म्हणाली. "झालं माझं सांगून."

सिलिंडर इतक्या वर्षांनी जागचा हलत नव्हता. एन्तिस लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी टिचकवत राहिला. गरजेपेक्षा जास्त वेळ टिचकवत राहिला. शेवटी सिलिंडर वर आला आणि खालचा पिस्टन उघडा पडला. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते आणि एका बाजूचा धातू वितळून फासला गेला होता. सरांनी चष्मा काढला.

"काय झालंय त्याला?" इमासने विचारलं.

एन्तिसने हातोडा खाली ठेवला.

"सर, तुम्ही सांगा."

"इंजिनाला तेल मिळालं नाही, पोरी. चालता चालता जाम झालं. उतारावर मागचं चाक असं बांधलं गेलं की कितीही चांगला चालवणारा असो, त्याच्या हातात काही राहत नाही."

"म्हणजे कांग यायातची चूक नव्हती."

"नाही."

"जोरात नव्हता चाललेला?"

"ते आता कोण सांगणार? पण पडला तो यामुळे."

इमासने पिस्टनवरून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं ते तिने पुसलं नाही.

"मग तेल का नव्हतं?"

डुडुंग जन्मात कधी गप्प बसला नव्हता. तो आपल्या चपलांकडे बघत बसला.

"माझ्यामुळे," एन्तिस म्हणाला. "तेलाचा पंप मी काढला होता. पेट्रोलमध्ये तेल घालायचं, हे तुमच्या घरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. विसरलो."

"विसरलात."

"हो."

"आणि ते फडकं? ते कशाचं होतं?"

"हात पुसायचं. माझंच. राहिलं असेल तिथे."

"गच्च बांधलेलं होतं."

"अबाहना खोडच आहे ती," डुडुंग घाईने म्हणाला. "हातातलं फडकं दिसेल तिथे बांधतात. माझ्या ट्रकच्या आरशालाही दोनदा बांधून ठेवलंय." सरांनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला.

इमास एन्तिसकडे बघत राहिली.

"अपांच्या मयताला तुम्ही खांदा दिलात. माझ्या लग्नात जेवलात."

"हो."

"अपा शेवटपर्यंत त्याला शिव्या देत गेले, अबाह. कबरीवर पाणी घालायलाही मला चोरून जावं लागायचं."

ती उठली. पिस्टनकडे बोट करून म्हणाली, "सोडवा तो. आणि चला."

"कुठे?"

"बी ओनाहकडे. मी सांगितलं तर म्हणतील भावाची बाजू घेते. तुम्ही सांगा."

"तेह, ईदला जाऊ ना," सर म्हणाले. "अबाहना जरा—"

"चौतीस ईद झाल्या, सर."

एन्तिसने पिस्टन सोडवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळला. डुडुंग त्याच्या मागे गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अबाह, अजून वेळ गेलेली नाही." एन्तिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "केळी संपवा. गार झाली," एवढंच तो म्हणाला.

चढ होता. इमास पुढे आणि तो मागे. ती एकदाही वळली नाही. बी ओनाहचं दार नेहमीसारखं बंद होतं. इमासने ठोठावलं. उत्तर आलं नाही. मग एन्तिसने हाक मारली, "बी, मी गॅरेजवाला एन्तिस." बराच वेळ आत पाय घासल्याचा आवाज येत राहिला आणि कडी निघाली.

म्हातारी ऐंशीच्या पुढची, वाळून लहान झालेली. तिने इमासकडे बघायचं टाळलं. एन्तिसने कागद उघडला आणि सांगायला सुरुवात केली: पंप, तेल, घरी न सांगणं, विसरणं. कुठे अडखळला नाही. चौतीस वर्षं हेच तर तो मनात पाठ करत आला होता. म्हातारीने मधे एकदाच विचारलं.

"म्हणजे त्या पोराने काही केलं नव्हतं?"

"नाही, बी. त्याने काहीच केलं नव्हतं."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

तिने पिस्टनला हात लावला नाही. चौकट धरून ती उभी राहिली, मग हात पुढे करून इमासचं मनगट पकडलं.

"ये. आत ये, पोरी. चहा टाकते."

इमास उंबरठ्यावर क्षणभर तशीच थांबली. तिच्या पाठोपाठ एन्तिसने पायरीवर पाय ठेवला.

"तू नको," म्हातारी म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

आतून आधी इमासच्या रडण्याचा आवाज आला, मग म्हातारीचा. नंतर ग्लासात चमचा ढवळल्याचा. इमासला एकटीने परत यावं लागू नये म्हणून एन्तिस पायरीखाली उभा राहिला.