एडवार्टच्या काचा

योरुनने तेच टेबल तिसऱ्यांदा पुसलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"पुरे की आता, वहिनी," आसलाउग म्हणाली. "लाकूड झिजेल."

योरुनने कॉफीची किटली नणंदेपुढे सरकवली. टेबलापलीकडे दप्तरखान्यातून आलेली हेरदिस बसली होती. तिशीची, बोलायला मोकळी, हातांत पांढरे सुती हातमोजे. तिने बरोबर दोन खोकी आणली होती. योरुनच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ त्रोम्सोला राहायचा. त्याचं घर नातवंडांनी रिकामं केलं तेव्हा माळ्यावर ही खोकी सापडली. एकात एकोणीस फोटो होते, दुसऱ्यात सासऱ्यांनी भावाला लिहिलेली पत्रं.

एकोणीस म्हणजे घबाडच होतं. महायुद्धात, चव्वेचाळीसच्या शरद ऋतूत, माघार घेताना जर्मनांनी हा सगळा किनारा जाळला. घरं, होड्या ठेवायची छपरं, मासळी वाळवायचे मांडवसुद्धा ठेवले नाहीत. आगीच्या आधीचा चेहरा या खाडीत कुणाच्या भिंतीवर नव्हता. आणि या खाडीतला एकुलता एक फोटोग्राफर म्हणजे योरुनचे सासरे, आसलाउगचे वडील, एडवार्ट.

आसलाउगने सकाळपासून नावं सांगण्याचा सपाटा लावला होता. हा शाळामास्तर, ही त्याची बायको, हा लंगडा कुत्रा दुकानदाराचा. हेरदिस प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने लिहून घेत होती. शेवटचा फोटो उलटल्यावर आसलाउगने सगळा ढीग पुन्हा चाळला.

"आई नाही यात."

"बाकीच्यांत असेल," हेरदिस म्हणाली. "ज्यांवरून हे फोटो छापले त्या मूळ काचांमध्ये."

"कसल्या मूळ काचा? जर्मनांनी उकरून फोडल्या सगळ्या. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची. आता डोळे मिटले तर नुसता एप्रन आठवतो. मेल्यांनी तेवढंही ठेवलं नाही."

"तेच विचारायचं होतं." हेरदिसने एक पत्र काढलं. "हे बघा, तुमच्या वडिलांनी लिहिलंय. गाव सोडून निघण्याच्या आदल्या दिवशी बासष्ट निगेटिव्ह काचा पत्र्याच्या पेटीत घालून बटाटे साठवायच्या खळग्यात पुरल्या, वर दगड रचले. जर्मन घाईत होते हो, मावशी. खळगे उकरत कोण बसणार? मी जाऊन बघितला तो खळगा. बुजलाय, पण शाबूत दिसतो."

आसलाउग उठलीसुद्धा. "कुदळ कुठंय, वहिनी?"

योरुनने खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली. मग ती घडी मोडली. बेचाळीस वर्षं जे गिळून बसली होती ते आता सांगावंच लागणार होतं; रिकाम्या खळग्यापुढे नणंदेला उभं करणं तिच्याने होणार नव्हतं.

"खणू नकोस, आसलाउग. पेटी मी काढली."

"कधी?"

"शेहेचाळीसच्या हिवाळ्यात. तू त्रोम्सोला कामाला होतीस, मामंजी तिथल्याच इस्पितळात. तुझा भाऊ हिल्मार होडीवर. मी आणि पोरगी, त्या फळ्यांच्या बराकीत. खिडक्यांना पुठ्ठे ठोकले होते. पोरगी तीन आठवड्यांची, खोकून खोकून निळी पडायची, आणि तो निळा रंग बघायलासुद्धा उजेड नव्हता. अख्ख्या फिनमार्कात खिडकीची काच मिळत नव्हती. बटाटे राहिलेत का बघायला गेले तर पेटी लागली हाताला."

"मग?"

"धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं. वरची चित्रं निघून जाईपर्यंत घासल्या. आणि खिडक्यांना बसवल्या."

"किती?"

"सगळ्या."

"आणि बाबांना सांगितलंस की जर्मनांनी फोडल्या."

"हो."

"मलाही."

"तुलाही."

आसलाउगच्या तोंडाचा पट्टा खाडीत प्रसिद्ध होता. आज मात्र कोट अंगावर ओढून ती बाहेर गेली आणि अंगणात पाठमोरी उभी राहिली. योरुनला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हेरदिस खाली मान घालून बसली होती. मग मान वर करून तिने विचारलं,

"सासरे परत कधी आले?"

"सत्तेचाळीसच्या ईस्टरला. मी सांगितलं तसं त्यांनी ऐकून घेतलं. नुसतं 'हं' म्हणाले, आणि कॉफी मागितली. त्या 'हं'ने माझी झोप उडवली, बाई."

"त्यांचं अक्षर फार किचकट. मी चव्वेचाळीसपर्यंतच पोचलेय." हेरदिसने दुसऱ्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, तारखा बघत बघत तीनचार पाकिटं बाजूला केली आणि एक उघडलं. ती ओठ हलवत वाचत होती. मध्येच थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं.

"मावशी, हे तुम्हीच ऐकायला हवं."

"नको."

"ऐका तर. 'निकोलाई, घरी पोचलो. हिल्मारच्या बायकोने काचा धुऊन खिडक्यांना लावल्यात. जर्मनांनी फोडल्या असं मला सांगते. तेरा बाय अठरा सेंटीमीटरची काच मी तीस वर्षं हातात खेळवली, ती मला ओळखू येणार नाही असं तिला वाटतं. पोरगी भोळी आहे. पण घासल्यात मात्र अशा की एक ओरखडा नाही. सकाळचं ऊन थेट पाळण्यात येतं. नातीचा खोकला थांबलाय. सुनेला यातलं काही कळू देऊ नकोस, मानी आहे ती.'"

योरुन खाली बसली. आधी तिच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं, मग डोळ्यांतून पाणी. ते तिने पुसलं नाही. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतल्यासारखं तिला वाटलं. म्हातारा सगळं जाणून होता. मरेपर्यंत अकरा वर्षं तिच्या हातची कॉफी पीत, समोर बसून, जाणून होता!

"अजून आहे खाली," हेरदिस म्हणाली.

"थांब. तिला बोलावते."

तिने खिडकी उघडून हाक मारली. आसलाउग लगेच वळली नाही. वळली तेव्हा नाक लाल झालेलं होतं.

"चष्मा नाही आणला मी," आत येऊन ती कुणाकडेच न बघता म्हणाली. योरुनने आपला काढून दिला. आसलाउगने पत्र डोळ्यांसमोर धरलं. वाचून झाल्यावर पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली.

"म्हणजे मूर्ख मी एकटीच," ती म्हणाली. "चाळीस वर्षं जर्मनांना शिव्या घालत बसले."

"त्या काही वाया नाही गेल्या. बाकीचं त्यांनीच जाळलं ना."

आसलाउग हसली नाही, पण तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. तिने कागद उलटला. पाठीमागे आणखी चार ओळी होत्या. या वेळी ती मोठ्याने वाचू लागली.

"'एक काच मात्र तिच्या हातून अर्धवट घासायची राहिली. कुणाला तो सोड्याचा डाग वाटेल. ती मारितची आहे, टोपी घातलेली, होड्यांच्या धक्क्यावर उभी असतानाची. मी ती काढून खालच्या उजव्या कोपऱ्यात बसवली आहे. तिथल्या काचेभोवतीची पुट्टी मीच भरतो, म्हणजे दुसरं कुणी तिथं घासायला जाणार नाही.'"

मारित ही आसलाउगची आई.

दर वसंतात पुट्टीचा डबा घेऊन खिडकीपाशी बसलेले सासरे योरुनला दिसत होते. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हातारपणाचा हेका, असं ती म्हणायची. बावन्न साली हे घर उभं राहिलं तेव्हा बराकीची ती खिडकी फेकू दिली नाही, हट्टाने मेंढ्यांच्या गोठ्याला लावून घेतली. मग उन्हाळ्यात तासन् तास गोठ्यापाशी बाक टाकून बसायचे. म्हाताऱ्याला मेंढ्यांचा लळा लागलाय म्हणून हिल्मार थट्टा करायचा.

"वहिनी," आसलाउगने पत्र टेबलावर ठेवलं. "गोठ्याच्या खिडकीला तो डाग अजून आहे?"

"होता. निघतच नाही मेला. गेल्या साली मी कंटाळून नाद सोडला. म्हटलं, मेंढ्यांना दिसतंय तेवढं पुरे."

"मागे काहीतरी काळं धरावं लागेल," हेरदिस घाईघाईने हातमोजे चढवत म्हणाली. "मग निगेटिव्हमधल्या काळ्याचं पांढरं होऊन चेहरा सुलटा दिसतो."

"माझा कोट काळाच आहे," आसलाउग म्हणाली.

तिघी उठल्या. दारापाशी बुटात पाय घालता घालता योरुनचा हात सवयीने मागे गेला आणि तिने टेबलावरून फडकं उचलून घेतलं.

आसलाउग उंबऱ्यातच थांबली. तिने वहिनीचा हात धरला.

"वहिनी, ते फडकं ठेव इथंच."