आखाजीचं कुलूप

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण सासरी सापडली, तर खुशाल समजावं की तिला माहेर उरलेलं नाही. खान्देशात हे कुणाला शिकवावं लागत नाही. भाऊ न्यायला येतो, बाई पिशवी भरते, दाराला कुलूप लागतं. मग चार दिवस झोका, गाणी आणि सांजोऱ्या. आणि नगरपालिकेनं घरकुलांची पाहणी नेमकी आखाजीलाच ठेवली.

कोकिळा धुळ्याकडच्या माहेराहून परतली. आईनं दिलेला सांजोऱ्यांचा डबा छातीशी धरून तिसरा मजला चढली, तर ३०४ च्या दारावर, कुलपाच्या बरोबर वर, कागद चिकटवलेला. सदनिका बंद आढळली. लाभार्थी वास्तव्यास नाही. वाटप रद्द का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. दरम्यान फेरपाहणी कोणत्याही दिवशी होईल.

तिनं तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं.

समोरच्या दारातून कुंदाबाई बाहेर आली. तिच्या हातातही तसाच कागद.

"नको वाचू गं. तोच आहे. सोळा दारांतल्या अकरा दारांना लावलाय."

"आणि बाकीची पाच?"

"त्यांना माहेर नाही," कुंदाबाई म्हणाली. "भाग्यवान रांडा!"

एरवी कोकिळा हसली असती. आज तिला चावी कुलपात घालता येईना.

नऊ वर्षं ती आणि तिचा नवरा जीवराम पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहिले होते. मे महिन्यात पत्रा असा तापायचा की दुपारी दोघं बाहेर लिंबाखाली बसायचे आणि घरमालक विचारायचा, "काय, खोली आवडत नाही का?" नगरपालिकेची कोंडवाड्याची जागा रिकामी होती. तिथं दुकानं काढायचा घाट होता. बायका त्या जागेवर जाऊन बसल्या, अकरा दिवस उठल्या नाहीत, तेव्हा कुठं गावानं पहिल्यांदा गरिबासाठी भिंत उभी केली. घर बाईच्या नावावर. दहा वर्षं विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, स्वतः राहायचं. हा नियम कुणी वरून लादलेला नव्हता. घरं लाटून भाडं खाणारे गावात कमी नव्हते, म्हणून बायकांनीच तो मागितला होता. कोकिळा तेव्हा सगळ्यांत पुढं उभी राहून ओरडली होती, "जो राहील त्याचंच घर!"

आता तोच नियम तिच्या दारावर डिंकानं चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी ती वीजबिल घेऊन नगरपालिकेत गेली. टेबलामागच्या कारकुनानं बिल उन्हाकडं धरलं, जणू नोट खोटी आहे का बघतोय.

"अठरा युनिट? महिन्याला? बाई, एवढ्यात माणूस राहतो का?"

"राहतो. मी राहते. एक दिवा, एक पंखा. पंखापण नवरा घरी असला तरच."

"नळपट्टीची पावती?"

"नळच दिला नाही तुम्ही अजून. टँकर येतो."

"मग पुरावा काय?"

"मी आहे ना समोर!"

"तुम्ही इथं आहात," कारकून म्हणाला. "तिथं आहात का, ते बघायचंय. जा, घरी थांबा. साहेब कधीही येतील."

ती घरी पळतच आली. पळताना हाच विचार, आपण इकडं आलो तेवढ्यात साहेब येऊन गेला असला तर?

जीवराम रावेरला केळीचे ट्रक भरायला होता. केळीला आखाजी नसते. घड पिकायचा तो पिकतोच. फोनवर तो म्हणाला, "मी येऊ का?"

"घर माझ्या नावावर आहे. तुम्ही दारात नाचलात तरी उपयोग नाही."

"मग तू हलू नको."

हलू नको म्हणणं सोपं असतं. तीन दिवस ती मजुरीला गेली नाही. गच्चीवर बायकांनी बिबड्या, ज्वारीचे वर्षभराचे पापड, घातल्या, तिला हाका मारल्या, ती गेली नाही. ज्वारीचं पीठ घरातच शिजवलं आणि बिबड्या गॅलरीतल्या खाटेवर जुन्या लुगड्यावर थापल्या. टँकरचा भोंगा वाजला की ती आधी जिन्यात डोकावायची. हंडा घेऊन खाली जायचं म्हणजे तीन मजले उतरायचे, रांग, पुन्हा तीन मजले. ती दार सताड उघडं टाकून जायची. चोर आला तर भांडी नेईल, साहेब आला तर घर नेईल. हे गणित तिला तोंडपाठ झालं होतं. संडासात गेली तरी कडी लावायची नाही, कान जिन्याकडं.

सहाव्या दिवशी सकाळी जिन्यात पावलं वाजली. कोकिळा पदर सावरत दारात आली.

साहेब नव्हता. पन्नाशीची, वाळलेली बाई होती, हातात चिठ्ठी.

"तीनशे चार हाईच शे का? मी ताईबाई. नगरपालिकेनी धाडं. म्हने, घर खाली व्हयी राहिनं, देखी ये."

माहेरची अहिराणी बोली. घर रिकामं होतंय, बघून ये म्हणे. इतक्या गोड बोलीत इतकं कडू कुणी कधी बोललं नसेल.

"कोण म्हनं खाली व्हयी राहिनं? मी काय मरी गऊ का?"

ताईबाई उंबऱ्यापाशीच थांबली. तिची नजर खाटेवरच्या बिबड्यांवर गेली आणि तिथंच राहिली. "मनं नाव यादीमां पहिलं शे," ती हळूच म्हणाली. "दोन वरीस झाये. मी पत्रानी खोलीमां ऱ्हास." पत्र्याच्या खोलीत राहते, हे सांगताना तिनं मान खाली घातली. कोकिळाला ती खोली न बघता दिसली. लिंबसुद्धा दिसला.

शिवी ओठांवर होती, ती गिळावी लागली. कोकिळानं तिला पाणी दिलं.

तेवढ्यात खालून कुंदाबाईची आरोळी आली, "आला गं, आला!"

हितेंद्र साहेब कंत्राटी अभियंता. भुसावळचा, तिशीचा, घामानं भिजलेला. मोबाईल पुढं धरूनच वर आला.

"कोकिळा जीवराम? दारात उभ्या राहा. फोटो." फोटो निघाला. "आता पंच लागेल. दोन महिने या घरात कोण राहतं, ते सांगणारा."

"मी आहे की!" कुंदाबाई पुढं झाली.

"तुम्हाला पण नोटीस आहे. नोटीसवाल्यांची सही चालणार नाही."

"म्हणजे अकरा जणी एकमेकींच्या चोर? आणि बाकीच्या पाच जणी मजुरीला गेल्यात!"

"नियम आहे."

कोकिळाच्या डोक्यात सहा दिवसांचं ऊन एकदम चढलं. "साहेब, एक विचारू? आखाजीला तुमच्या मिसेस कुठं होत्या?"

हितेंद्रनं मोबाईलवरून नजर काढली.

"यावलला," तो म्हणाला. "माहेरी."

"तुमच्या घराला कुलूप होतं?"

"तारीख वरून आली होती, ताई."

"वरचे काय परमुलखातून आलेत? त्यांच्या बायका माहेरी जात नाहीत?" ज्याला उत्तर माहीत होतं, तो पगार घेत होता.

हितेंद्रनं खोलीत नजर फिरवली. ताईबाईवर थांबली. "या कोण? या इमारतीतल्या?"

"नाही," कोकिळा म्हणाली. खोटं सांगण्यात आता अर्थ नव्हता. "यादीतल्या. माझं घर गेलं तर यांना मिळणार."

"मग यांनी सही केली तर कुणी बोट ठेवणार नाही." एवढं बोलून हितेंद्रलाच लाज वाटली असावी. त्यानं कागद हळूच पुढं केला.

ताईबाई स्वयंपाकाच्या ओट्याकडं गेली. शेगडीच्या वर भिंतीवर फोडणीचा तेलकट पिवळा पट्टा चढला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. कॅलेंडरवरच्या दुधाच्या फुल्या पाहिल्या. खाटेवरची एक बिबडी उलटवून पाहिली, खालून ओली होती. कोकिळा दारातूनच तिच्या बोटाकडं बघत होती. ही बाई नाही म्हणाली तर तिला काय बोलणार? आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं? उत्तर तिला माहीत होतं.

"वरीसभराच्या बिबड्या," ताईबाई हितेंद्रला समजेल अशा भाषेत म्हणाली, "बंद घरात कोणी घालत नाही, भाऊ. आण इकडे."

तिनं सही केली. एकेक अक्षर दाबून, जणू कागदातून आरपार जायचंय.

"आता माझं नाव कुठं जाईल?"

"पुढच्या घरांच्या यादीत, पहिलंच."

"पुढची घरं कधी?"

हितेंद्रनं मोबाईल खिशात घातला. "जागा शिल्लक नाही, मावशी." आणि तो समोरच्या दाराकडं वळला.

ताईबाई निघाली. कोकिळानं सांजोऱ्यांचा डबाच तिच्या हातात कोंबला आणि तिच्यामागं जिना उतरू लागली. निदान रस्त्यापर्यंत पोचवायचं होतं. रिक्षा करून द्यायची होती. दुसऱ्या मजल्यावर तिचा पाय थांबला. वर दार उघडं होतं. साहेब अजून वरच होता. त्यानं परत फिरून बघितलं तर? पुन्हा फोटो काढला तर?

"जाय बहीण, घर सांभाळ," ताईबाई मागं न बघता म्हणाली.

आणि कोकिळा वळली. दोन-दोन पायऱ्या चढत, धापा टाकत ती आपल्या दारात येऊन उभी राहिली. हितेंद्रनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खाली, उन्हात, डबा डोक्यावर धरून ताईबाई एकटी चालत गेली, आणि कोकिळा चौकटीला हात टेकून तशीच उभी राहिली, कुणी बघितलं तर दिसावी म्हणून.