चौथं कडवं

सहादू पगाऱ्याचा आवाज चांगला आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. तो आवाज सगळ्यांत आधी मी ओळखला. साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकता टाकता तो गायचा, आणि यंत्रांच्या खडखडाटातून ते गाणं पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. मीच त्याला आमच्या गायन पार्टीत आणलं. गाणी मी रचायची आणि त्यानं गायची, असं बारा वर्षं चाललं. टाळ्या त्याला मिळायच्या. मी मागं बसून कोरस धरायचो, तोही बेतानं, कारण माझा आवाज म्हणजे फुटकी घागर.

मला हेवा वाटत नव्हता असं म्हणणार नाही. वाटायचा, चांगला पोट दुखेपर्यंत वाटायचा. पण त्यावर माझ्याकडं एक औषध होतं. आमच्या पार्टीत रीत अशी की ज्यानं गाणं रचलं, त्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं. सहादू सभेत कितीही मिरवला, तरी शेवटी हात वर करून त्याला 'कोंडीराम' म्हणावंच लागायचं. तेवढ्यानं माझा जीव गार व्हायचा.

बहात्तरच्या दुष्काळात माझी बायको चांगुणा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी ग्रामपंचायतीचा शिपाई, म्हणजे सावलीतला माणूस. संध्याकाळी तिच्या तळहातावरचे फोड बघून मला लाज वाटली आणि त्या लाजेतून गाणं झालं.

घाव घालिते दगडावरी गं,
ठिणगी पडते पदरावरी गं.

चार कडव्यांचं गाणं. चौथं माझं:

कोंडीराम सांगे सभेला,
माझं नाव पुसा खडीला.

गाणं असं चाललं की राहुरीपासून श्रीरामपूरपर्यंत कामावरच्या बाया ते म्हणायला लागल्या. पुढच्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला मुंबईच्या तबकडी कंपनीचा एक माणूस आला होता. त्यानं गाणं ऐकलं आणि पार्टीला मुंबईला बोलावलं. पाचच माणसं पाहिजेत म्हणाला. गाणारा, पेटी, ढोलकी आणि दोन कोरसवाले. कोरसवाले दोघं कोण, याचा विचार करायला त्याला फार वेळ लागला नाही. त्यांत मी नव्हतो. सगळे मुंबईला गेले आणि मी पंचायतीचा झेंडा वर-खाली करत गावात राहिलो.

सात-आठ महिन्यांनी तबकडी निघाली. गावात फोनो कुणाकडं नव्हता, म्हणून मी सायकल मारत देवळाली प्रवऱ्याला गेलो. तिथं एका हॉटेलात फोनो होता. मी एक चहा सांगितला आणि ती तबकडी लावायला सांगितली. सहादूचा आवाज हॉटेलभर झाला. एक कडवं, दोन कडवी, तीन कडवी. चौथ्याची वाट बघत मी बशी हातात धरून बसलो, तर सुई खरखर करत आत सरकली. तबकडीवर जागा तीन मिनिटांची आणि माझं नाव चौथ्या मिनिटात. मी उठून तबकडी हातात घेतली. मधल्या गोल कागदावर छापलं होतं, 'सहादू पगारे आणि पार्टी'. खाली जिथं गीतकाराचं नाव असतं, तिथं एकच शब्द होता: पारंपरिक.

माझं अंग पेटलं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय? सहादूला लिहिता-वाचता येत नाही, सही तेवढी येते, हे मला ठाऊक होतं. पण कंपनीच्या माणसाला तोंडानं एक नाव सांगायला काय अक्षरं लागतात? तसाच त्याच्या घरी जाऊन मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यानं सरळ उत्तर दिलं असतं, तर माझा राग वाया गेला असता. तो राग मला पाहिजे होता.

महिन्याभरानं सहादू स्वतःच माझ्याकडं आला. हातात पाकीट होतं. पुण्याच्या रेडिओवरून बोलावणं आलं होतं. संध्याकाळच्या गावकऱ्यांच्या कार्यक्रमात थोडं बोलायचं आणि दोन गाणी म्हणायची. तबकडी कंपनीच्या माणसानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की एकदा रेडिओवर आवाज गेला की तबकड्या हातोहात खपतील. मी पत्र वाचून दाखवलं. त्यात कंपनीचं नाव किंवा तबकडीची किंमत बोलायची नाही, अशी ताकीद होती. गाणी स्वच्छ अक्षरात लिहून आधी पाठवायची, गीतकाराचं नाव घालायचं आणि कागदावर असेल तेवढंच म्हणायचं.

सहादू म्हणाला, तूच लिही, तुझ्यासारखं अक्षर गावात कुणाचं नाही. ते खरंच होतं. ग्रामसेवक नोटिसासुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचे.

मी दौत-टाक घेऊन बसलो. दुसरं गाणं खरोखरच जुनं होतं, ते आधी लिहिलं. मग खडीचं घेतलं. तीन कडवी लिहिली आणि थांबलो. सहादू समोर तंबाखू मळत बसला होता. माझ्या मनात एक डाव आला. तबकडीवर आहे तसंच लिहायचं. रेडिओवाले सगळ्या गावासमोर 'पारंपरिक' म्हणतील, हा गप्प बसेल, आणि कुणी कुणाचं नाव गिळलं ते गावाला कळेल. मी चौथं कडवं गाळलं आणि गीतकाराच्या जागी ठळक अक्षरात 'पारंपरिक' लिहिलं.

"नाव नीट लिवलं न्हवं?" सहादूनं विचारलं.

"तबकडीवर जसं आहे, तसंच लिहिलंय."

"मंग झालं," तो म्हणाला आणि कागद कपाळाला लावून खिशात घातला.

केवढा कोडगा माणूस, असं मला वाटलं.

पंचायतीचा रेडिओ माझ्याच ताब्यात असायचा. चावडीच्या कपाटात पेटी आणि छपरावर कर्णा. एरवी बाजारभाव आणि हवामान ऐकायला दहा-पंधरा माणसं बसायची. त्या दिवशी पटांगण भरलं. सहादूची म्हातारी आई बनाबाई पुढं येऊन बसली. बायांच्या घोळक्यात चांगुणाही होती. मी आवाजाची कळ पिळली ती पार शेवटपर्यंत. वेशीबाहेरच्या माणसालासुद्धा ऐकू गेलं पाहिजे, अशी माझी इच्छा होती. तसं ते गेलंही.

निवेदकानं सहादूची ओळख करून दिली. कारखान्यातलं काम विचारलं, गाणं कसं लागलं ते विचारलं. सहादू म्हणाला, मला कोंडीरामनं गायला बसवलं. लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी कर्ण्याकडं बघत राहिलो. मला वाटलं, वरवर गोड बोलतोय.

मग निवेदक म्हणाला, "आता सहादूभाऊ एक पारंपरिक गीत म्हणतील. घाव घालिते दगडावरी."

"पारंपारिक म्हंजी काय साहेब?"

"म्हणजे पूर्वापार चालत आलेलं. कुणी रचलं ते कुणाला ठाऊक नसतं."

"आसं कसं? ह्ये आमच्या कोंडीरामनं रचलंय. परवाच्या दुष्काळात."

निवेदक जरा अडखळला. तुम्ही पाठवलेल्या कागदावर तर पारंपरिक असंच लिहिलंय, असं तो अगदी मऊपणे म्हणाला. कर्ण्यातून काहीच येईना. एखाद्याला वाटावं रेडिओ बंद पडला. मला वाटलं, खरंच पडावा.

"कागद त्याच्याच हातचा हाय," सहादू शेवटी म्हणाला. "मंग त्याची मर्जी. गानं त्याचं, लिवनार बी त्योच. म्या कोन बदलनार?"

आणि तो गायला लागला. तो आवाज मी बारा वर्षं ऐकला होता, पण इतका जड कधीच ऐकला नव्हता. तीन कडवी झाली आणि तो थांबला. कागदावर तेवढीच होती. चौथं कडवं सगळ्या पटांगणाला पाठ होतं. पण कुणी म्हटलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. बनाबाई पदर झटकून उठली आणि निघून गेली.

कर्णा बंद करायचा आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. पुढचं कीटकनाशकांवरचं भाषण रिकाम्या पटांगणात चालू होतं.

घरी चांगुणा भाकरी थापत होती. मी टेकलो तसं तिनं मान वर न करता विचारलं, "तीन म्हयने खडी म्या फोडली. ती बी पूर्वीपास्नं कुनीतरी फोडतच हुतं, व्हय?"

तिनं ताटात भाकरी वाढली, कालवण वाढलं नाही.

सहादू पुण्याहून आला, पण माझ्याकडं आला नाही. मीही गेलो नाही. रस्त्यात दिसला तर मी गल्ली बदलायचो. लोक म्हणायचे, कोंडीरामला आता भेटायला तोंड नाही. ते खरंच होतं. त्यातूनही खरं सांगायचं तर मला अजून त्याचा राग येत होता. तो चोर निघाला असता, तर मी सुखी झालो असतो.

पुढच्या महिन्यात जयंती आली. पार्टीचा कार्यक्रम नेहमीसारखा आमच्या वस्तीत होता. मी मंडपात मागं, बांबूला टेकून उभा राहिलो. आता तबकडीमुळं गर्दी दुप्पट होती. लोकांनी खडीचं गाणं मागितलं. पेटीवाल्यानं सूर धरला. सहादू उठला, त्यानं कानावर हात ठेवला आणि पहिला शब्द काढला तो असा:

कोंडीराम सांगे सभेला,
माझं नाव पुसा खडीला.

पेटीवाला गडबडला. शेवटचं कडवं कुणी पहिलं म्हणतं का? पण सहादू थांबला नाही. ते कडवं त्यानं दोनदा म्हटलं आणि मगच पहिल्यावर आला.

गाणं संपल्यावर मी मंडपाच्या मागं गेलो. तो पाणी पीत होता. हे काय केलंस, एवढंच मी विचारलं.

"शेवटी ठिवलं की ऱ्हातंय," तो म्हणाला. "आता म्होरं घेत जाईन."

तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, "तबकडीवर बी तसंच लिवलंय म्हनं. मुंबैत म्या तुझं नाव सांगितलं हुतं. त्यांनी कायतरी लिवलं. मला वाटलं, तुझंच आसंल."

मी मान खाली घातली.

"तू तर वाचलं हुतंस, कोंडीराम. मला का न्हाई सांगितलं?"

याचं उत्तर मी त्याला त्या दिवशी दिलं नाही, आणि आजपर्यंत दिलेलं नाही. तेव्हापासून आमच्या पार्टीत रचणाऱ्याचं नाव पहिल्या कडव्यात येतं. तालुक्यातल्या बाकीच्या पार्ट्या हसतात, हसू देत. दर कार्यक्रमाला सहादू हात वर करतो आणि सगळ्यात आधी माझं नाव घेतो. माझं नाव मी हजार वेळा कागदावर लिहिलंय, शेकडो वेळा कोरसात म्हटलंय. पण त्याच्या गळ्यात ते जसं लागतं, तसं माझ्या तोंडी कधीच लागलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचाही हेवा वाटतो.