दोन जुड्यांइतका वेळ

आषाढाचा वारा सुटला की पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे पत्रे दिवसभर वाजत राहतात. त्या पत्र्यांना पाठ टेकून विश्वण्णाचं दीड एकर उरलं होतं, आणि त्या दीड एकरात विश्वण्णाचं तोंड पत्र्यांहून मोठ्यानं वाजायचं.

"ही जुडी हाय का काय हाय गं? म्हातारीचा आंबाडा बरा हिच्यापेक्षा! राजाजीनगरच्या बाया दोन बोटांत धरून झटकत्यात. सगळा पुदिना रस्त्यावर पडंल. आवळ!"

प्रणितानं केळीच्या सोपाचा, वाळल्या सालीचा, फास आवळला. बोलली नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात ती काही शिकली असेल तर हेच. सासरा पुढं विळ्यानं पुदिना कापत सरकायचा, ती मागं उकिडवी बसून जुड्या बांधायची. करंजाच्या फांदीला जुन्या साडीची झोळी होती, झोळीत सहा महिन्यांची संपदा. वाराच झोका देत होता, तेवढं एक काम कमी.

"संपदा म्हनं!" विश्वण्णानं झोळीकडं न बघताच थुंकी टाकली. "खानारं तोंड वाढलं, तर नाव संपदा ठिवलंय. तुझ्या बापानं दिलीया का ग संपदा?"

पोर जन्मली तेव्हा चाळीस दिवस हा माणूस पाळण्याकडं फिरकला नव्हता. एकेचाळिसाव्या दिवशी आला, कीड लागलेलं रोप उपटावं का ठेवावं अशा नजरेनं वाकून बघितलं, आणि मोपेडवर बसून निघून गेला. त्यानंतर पोरीला त्यानं नावानं हाक मारली नाही. नाव घेतलं तर टिंगलीलाच.

आता पुढचं बोलणं कोणतं, ते प्रणिताला पाठ होतं. पण ते आलं नाही. विळा थांबला होता.

"आभाळ भरून आलं का गं?" विश्वण्णा एकदम बारीक आवाजात म्हणाला.

तिनं वर बघितलं. लख्ख ऊन होतं. विश्वण्णानं तळहातानं उजवा डोळा झाकला, मग काढला, मग डावा झाकला.

"डाव्यानं कायबी दिसंना. वरनं कुनी तरी पडदा वढलाय."

प्रणिताचे हात भीतीनं चालतच राहिले. एक जुडी बांधून झाली. तो तसाच, चिखलात रुतलेल्या खांबासारखा. दुसरी जुडी बांधून झाली, आणि त्यानं डोळा मिचकावला, मान झटकली.

"आलं. दिसाया लागलं." मग त्याला आठवलं की सून बघतेय. "काय बघतीस? म्हांतेशाला सांगितलंस तर याद राख."

"मामा, डॉक्टरला तरी..."

"गप!"

हा शब्द त्याच्या तोंडी असा बसला होता, की कुत्र्याला, बायकोला, सुनेला तो एकच पुरायचा.

त्याला कशाची भीती होती, ते तिला कळत होतं. शेजारच्या रत्नाकरअण्णाला मोतीबिंदू झाला आणि पोरांनी त्याच्या मोपेडची किल्ली काढून घेतली. तेव्हापासून अण्णा कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारतो. विश्वण्णा पस्तीस वर्षं रोज सकाळी राजाजीनगरात "पुदिनाऽऽ सोप्पूऽऽ" अशी कानडीत पालेभाजीची आरोळी ठोकत आला होता. त्या आरोळीवर तिथल्या बाया डबे भरायच्या. ती आरोळी गेली तर विश्वण्णा कोण?

प्रणितानं कुणाला सांगितलं नाही.

आठवड्यानं भवानीच्या देवळात फुकट तपासणीचं शिबिर लागलं. प्रणिताचा नवरा महांतेश कारखान्यातली लेथवरची पाळी संपवून आला आणि बापाला ओढतच घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं नळी छातीला लावली, मग मानेला लावली आणि तिथंच थांबला. मानेच्या शिरेत वाहत्या पाण्यासारखा आवाज येतोय म्हणाला. पुढच्या सोमवारी सगळे राजाजीनगरच्या इस्पितळात गेले. प्रणिताही गेली, कारण फॉर्म भरायला घरात तिच्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं.

मशीन मानेवर फिरलं, कागद बाहेर आला. डॉक्टरीण, ऋचा, पुण्याची निघाली. कानडी मुलखात मराठी ऐकून खूश झाली.

"काका, शेती करता ना? पाटात गाळ बसतो तसा तुमच्या मानेतल्या डाव्या शिरेत थर बसलाय. मेंदूकडे जाणारी वाट शंभरातली सत्तर बंद आहे."

"मग फावड्यानं काढा की," विश्वण्णा हसला.

"काढता येतो. पण काढतानाही धोका असतो, म्हणून आधी तुमचा धोका किती ते बघायचं. काहीच त्रास झाला नसेल, तर अशा शंभर जणांत वर्षाला दोघांना झटका येतो. तेवढ्याला गोळ्या पुरतात. पण कधी एका डोळ्यापुढे अंधार आला असेल, हात लुळा पडला असेल, जीभ अडखळली असेल, दोन मिनिटं का होईना, तर हिशोबच बदलतो. मग दिवस मोजायचे. याच आठवड्यात ऑपरेशन. असं काही झालंय?"

"कायबी न्हाई."

"डोळ्याला?"

"डोळा म्हंजे घारीचा हाय माझा."

डॉक्टरीण महांतेशकडं वळली. "नाही मॅडम," तो म्हणाला, "आमी बघितलं न्हाई." त्याचं खरंच होतं.

मग ती प्रणिताकडं वळली. "तुम्ही दिवसभर यांच्याबरोबर असता ना?"

प्रणितानं मांडीवरची पोर सावरली. तोंड उघडलं.

"गप!" विश्वण्णाचा हात टेबलावर आदळला. "तिला काय इचारताय, बाई? पैलं पोर तरी धड काढाया आलं का तिला? पोरगी काढून ठिवली. ती काय माझा डोळा सांगनार?"

पोर दचकून रडायला लागली. महांतेश भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत राहिला. डॉक्टरणीनं खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहिलं, गोळ्या लिहिल्या, सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाली.

बापलेक औषधाच्या रांगेत गेले तेव्हा प्रणिता जिन्याखाली पोरीला पदराखाली घेऊन बसली होती. तिच्या बोटांना अजून पुदिन्याचा वास होता. पोर त्या वासाला सरावली होती, बोट मुठीत धरून प्यायची. समोर चपला थांबल्या. ऋचा डॉक्टरीण.

"मघाशी काही सांगणार होता का? इथे कुणी नाहीये. मी तुमचं नाव घेणार नाही."

इथं "गप" म्हणणारं खरंच कुणी नव्हतं. प्रणितानं पदराखाली बघितलं. इवल्या कपाळावर घाम आला होता, आणि दचकल्याचा हुंदका पिता पितासुद्धा मधेच येत होता. पोरगी काढून ठिवली. जसं काही शेण.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "काही नाही."

डॉक्टरीण गेली.

विश्वण्णानं गोळ्या आठ दिवस खाल्ल्या. नवव्या दिवशी, "रानात हागवन लागतीया," म्हणून डबा कोंबड्यांच्या खुराड्यावर फेकून दिला. अनुसूयानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो उचलून आणला तर तिलाही तोच शब्द मिळाला. प्रणितानं तिकडं बघून न बघितल्यासारखं केलं. आता तिला ते चांगलं जमायला लागलं होतं.

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी, त्याच वाफ्यात, त्याच्या उजव्या हातातून विळा पडला. उचलायला वाकला तो उठलाच नाही. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता फेस. प्रणिता पोरीला झोळीत तशीच टाकून रस्त्यापर्यंत ओरडत धावली. तिच्या आवाजाला एवढा जोर आहे, हे तिलाही पहिल्यांदाच कळलं.

इस्पितळात ऋचा डॉक्टरणीनं पुन्हा तेच विचारलं. "आधी खरंच काही झालं नव्हतं? कळलं असतं तर हे बहुतेक टाळता आलं असतं."

"न्हाई हो मॅडम," महांतेश रडत म्हणाला. "आमी सगळी घरातच होतो की."

प्रणिता पोरीची पाठ थोपटत राहिली. डॉक्टरीण तिच्याकडं बघत होती. तिनं नजर वर केली नाही.

तीन आठवड्यांनी विश्वण्णा घरी आला. उजवा हात मांडीवर मेलेल्या पाखरासारखा पडलेला. मोपेडच्या सीटवर कोंबडी बसायला लागली. डॉक्टरीण म्हणाली होती, बोलण्याची जागाच गेलीय. एखादा शब्द राहतो कधीकधी, सवयीचा, तोच तोच येत राहतो. मनात दुसरंच असलं तरी.

एक राहिला होता.

रत्नाकरअण्णा समाचाराला आला. "काय विश्वण्णा, बरं हाय का?"

"गप," विश्वण्णा म्हणाला. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अय्यो, अजून मिजास गेली न्हाई बघ!" अण्णा गुडघ्यावर थाप मारून हसला, बाहेर कट्ट्यावर गेला आणि चौघांना सांगून पुन्हा हसला.

अनुसूयाला पहिले चार दिवस रडू आवरेना. पाचव्या दिवशी तो "गप" म्हणाला, तेव्हा चूल फुंकता फुंकता ती म्हणाली, "बरं. आता तुमीच गप ऱ्हावा."

भादव्यातल्या एका दुपारी घरात मोठी दोघंच होती. पोर खाटेच्या पायाशी गोधडीवर रांगत होती. प्रणिता उंबऱ्यात बसून जुड्या बांधत होती, महांतेश पाळीवरनं आला की मंडईत न्यायच्या. विश्वण्णानं डावा हात कोनाड्यातल्या तांब्याकडं केला. ओठ कोरडे पडले होते. चेहरा ताणून, मान हलवून, सगळा जीव गोळा करून तो म्हणाला,

"गप."

तिनं वर बघितलं. तांब्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. काय हवंय ते तिला कळलं होतं. या घरात ते कळणारी ती एकटीच होती.

"गप... गप..." आता त्या आवाजात विनवणी होती. पोर रांगत जाऊन त्याच्या लोंबत्या हाताला धरून उभी राहायला बघत होती. त्याचा डोळा तिच्यावर गेला, आणि तो तिला म्हणाला, "गप." शिवी होती, की हाक होती, की आजोबा पहिल्यांदाच नातीशी बोलत होता, कोण सांगणार?

"व्हय मामा," प्रणिता हळू आवाजात म्हणाली. "गपच हाय मी."

तिनं सोपाचा फास घातला, आवळला. एक जुडी झाली. खाटेवरचा हात तांब्याकडं तसाच लांबलेला राहिला. तिनं पुदिन्याची दुसरी मूठ घेतली, देठं नीट सारखी केली, पिवळी पानं एकेक करून खुडून टाकली, आणि घट्ट बांधली, झटकली तरी पान पडणार नाही अशी.

मग ती पाणी द्यायला उठली.