आत्याच्या हाताची ट्रायल

समजा, तुमच्या उजव्या हातावर कुणीतरी न दिसणारा मोजा चढवलाय. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, यांच्यावर. आता समोरची सुई उचला बरं. डोळ्यांना ती दिसते. चिमटीत धरली असं वाटतंही. पण सुई आली की निसटली, हे बोटं काही सांगत नाहीत. मग फरशीवर बारीकसा टिंग असा आवाज होतो, तेव्हा कळतं.

असा मोजा एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातावर चढला होता. ती कोण, हे आता सांगतो.

एका गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं. दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, भिंतीला टेकलेला माणसाहून उंच आरसा. कोट शिवावा तर तिनेच. त्यातही तिच्या हातची काजं! मशीनवरचं काज ती कोटाला लावायचीच नाही. सुईदोऱ्याने एकेक टाका घालत काज भरायची. लोक म्हणायचे, "बाईंनी काज केलं की कोटाला डोळे फुटतात." आपण तिला आत्याच म्हणू, कारण या गोष्टीतली पोर तिला आत्या म्हणते.

ती पोर म्हणजे तिची भाची. वय दहा, अंगाने काडी, केसांचा गोल कापलेला टोप, आणि दिसेल त्याला प्रश्न टोचायची खोड. आत्यानेच तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. शाळा सुटली की टाचणी दुकानात, आणि तिथे तिला सगळ्यांत आवडायची ती ट्रायल.

ट्रायलला गिऱ्हाईक अर्धवट शिवलेला कोट घालून आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "जरा कसंतरी होतंय."

"कसंतरी हे माप नाही," आत्या म्हणायची. "कुठे? कधी? हात वर केल्यावर की बसल्यावर? ओढतंय, टोचतंय की काचतंय? बोट ठेवा." गिऱ्हाइकाने बोट ठेवलं की आत्या तिथे खडूची खूण करायची. "जिथे बोट, तिथे खडू," हा तिचा मंत्र. मोठमोठी माणसं तिच्यापुढे शहाण्या मुलांसारखी बोट ठेवत उभी राहायची.

आता त्या दिवसाकडे येऊ.

आत्याला थकवा जाणवत होता, म्हणून डॉक्टरबाईंनी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. टाचणी बरोबर गेली. तिला सुईची जाम भीती. आत्या ऐटीत खुर्चीत बसली, उजवी बाही वर केली आणि म्हणाली, "बघ नीट. मुंगी चावते ना, तेवढंच. मी अख्खं आयुष्य सुया टोचून घेत आलेय."

रक्त काढणाऱ्या दादाने पट्टा आवळला, कापूस फिरवला, सुई घातली. रक्त येईना. त्याने सुई आतल्या आत जराशी वळवली. त्याच क्षणी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत वीज सळसळत गेली. आत्याचे डोळे पांढरे व्हायची पाळी आली.

"काही होतंय का?" दादाने विचारलं. त्याची नजर शिरेवर होती, आत्याच्या तोंडावर नव्हती.

आत्याने टाचणीकडे पाहिलं. पोर टक लावून बघत होती. "छे! तुमचं चालू द्या," आत्या म्हणाली.

नळी भरली, कापूस लागला, दोघी घरी आल्या. रक्तात काही वावगं निघालं नाही. पण हात? तो मात्र बिघडला. दोन दिवस झाले, आठ झाले, पंधरा झाले. दोरा ओवताना कोपरात चमक मारायची. बोटांत मुंग्या यायच्या. आणि काज भरायला बसलं की सुई टिंग!

आत्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आली. म्हणाली, "रक्त काढताना शीर दुखावली, हात दुखतो." डॉक्टरबाईंनी हात उलटासुलटा पाहिला. सूज नाही, काळंनिळं नाही. "शीर तर छान आहे तुमची. थोडे दिवस दुखेल," म्हणत त्यांनी गोळ्या दिल्या. आत्या गोळ्या घेऊन परत आली आणि तिने विषयच मिटवला.

टाचणीचे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, चहाचा कप हातात घेऊन थट्टा करायचे. "ताई, तुझा हात संपावर गेलाय. तीस वर्षांत सुट्टी नाही दिलीस त्याला."

"हो, आणि तुझी जीभ कधी संपावर जायची?" आत्या म्हणायची. तोंड अजून चालत होतं, एवढं खरं.

पण एका दुपारी टाचणी शाळेतून आली, तेव्हा आत्या एक नवा कोट मशीनवर घालत होती. काजं मशीनवर! टाचणी दारातच थबकली.

"आत्या, हे काय?"

"जमाना बदलला. हाताने कोण करतं आता?" आत्या मान वर न करता म्हणाली. "आणि पुढच्या महिन्यापासून कोट घ्यायचेच नाहीत, असं ठरवलंय. उशांचे अभ्रे शिवीन. त्यांना डोळे लागत नाहीत."

टाचणीने दप्तर खाली ठेवलं. खडूंचा डबा उचलला. मग आरशाकडे बोट दाखवून म्हणाली, "उभी राहा."

"काय?"

"ट्रायल आहे. हाताची. काय होतंय?"

"अगं, दुखतंय म्हणून सांगितलं ना सगळ्यांना."

"दुखतंय हे माप नाही," टाचणी म्हणाली. "कुठे? कधी? कसं? बोट ठेव."

आपलाच मंत्र आपल्याच माथी! आत्याला हसू आलं, आणि ती मुकाट्याने आरशासमोर उभी राहिली.

चमक कुठे? कोपराच्या आतल्या घडीत, हात सरळ केला की. तिथे लाल फुली. मुंग्या कुठून कुठे? घडीपासून हाताच्या मधोमध मनगटापर्यंत, पुढे तळव्यात. तिथे निळी रेघ. मग टाचणीने आत्याला डोळे मिटायला लावले आणि दोऱ्याचं टोक बोटांवरून फिरवलं. "इथे कळतंय? इथे?" जिथे कळत नव्हतं, तिथे पांढरा खडू. अंगठा पांढरा. शेजारचं बोट पांढरं. मधलं पांढरं. करंगळीला सगळं कळत होतं. करंगळीशेजारच्या बोटाची मात्र गंमत झाली. अंगठ्याकडची बाजू बधिर, करंगळीकडची शाबूत.

"अर्धं बोट?" आत्याने डोळे उघडले. "असं कुठे असतं का? पूस ते, डॉक्टर हसतील."

"जिथे बोट, तिथे खडू," टाचणी म्हणाली. "पुसायचं नाही."

तेवढ्यात चहाला आलेल्या बाबांनी हात पाहिला आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. "ताई, चल," एवढंच म्हणाले. खडू पुसला जाऊ नये म्हणून आत्या रस्ताभर हात छातीशी धरून चालली, जसं काही त्यावर ओली मेंदी आहे.

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. लाल फुली पाहिली, निळी रेघ पाहिली. अर्ध्या बोटापाशी आल्या आणि खुर्चीत ताठ झाल्या.

"हे अर्धं बोट कुणी शोधलं?"

"मी," टाचणी म्हणाली. "चुकलं का?"

"चुकलं नाही. याच अर्ध्या बोटाने मला सगळं सांगितलं." त्या आत्याकडे वळल्या. "त्या दिवशी तुम्ही शीर म्हणालात, मी रक्ताची शीर समजले. तीच तपासली, आणि ती खरंच ठीक आहे. पण रक्ताची वाहिनी ही नळी. तिच्याजवळून एक तार जाते, मज्जातंतू. बोटांना काय लागलं, ही बातमी मेंदूला तीच पोचवते. आपण मराठीत दोघींनाही शीरच म्हणतो. अंगठा, दोन बोटं आणि वर अर्धं बोट, हा त्या एका तारेचा इलाका आहे. बहुतेक सुई तिला लागली. मी अजून दोन प्रश्न विचारायला हवे होते."

"मग हात गेला?" आत्याने विचारलं. इतके दिवस गिळलेला प्रश्न शेवटी बाहेर पडला.

"असं कोण म्हणालं?" त्यांनी आत्याला अंगठा आणि बोट जुळवायला लावलं, ओढून पाहिलं. "तार तुटली असती तर अंगठ्यात इतका जोर राहिला नसता. दुखावलेली तार बहुतेक वेळा भरून येते. पण सावकाश, आठवडे लागतील, कदाचित महिने. तारांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, ते तपासणी करतील. आणि बधिर हाताने इस्त्री करायची नाही. भाजलेलं कळायचं नाही."

"आणि तेव्हा सुई लागताना हातातून वीज गेली होती का?" चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टरबाईंनी विचारलं.

"गेली होती," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, चालू द्या."

"का?"

"ही बघत होती ना."

त्यानंतर दर रविवारी आरशासमोर हाताची ट्रायल व्हायची. तारांच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, तेही टाचणी मोजून करून घ्यायची. पहिले तीन रविवार खडू तसूभर हलला नाही. आत्या चिडायची, टाचणी खुणा करायची. चौथ्या रविवारी मधल्या बोटाच्या एका पेराला दोरा कळला आणि ते कोरं राहिलं. मग निळी रेघ मनगटापाशीच थांबू लागली. तिसऱ्या महिन्यात आत्याने चिंधीवर एक काज भरलं. वेडंवाकडं झालं, एक टाका लांब, एक आखूड.

"डोळा आलाय," बाबा म्हणाले. "जरा तिरळा आहे."

"तुझ्यावर गेलाय," आत्या म्हणाली, आणि दुसरी चिंधी घेतली. अंगठ्याचं टोक अजून बधिर होतं. पण मशीनवरच्या काजांचा कोट तिने उसवायला काढला होता.

त्याच महिन्यात शाळेच्या सहलीआधी सगळ्या मुलांचं रक्त तपासायचं ठरलं. टाचणीला आत्या घेऊन गेली. तीच खोली, तोच दादा. त्याने आत्याला ओळखलं. आत्याने त्याला सगळं सांगितलं, शिव्या न देता, पण काही न लपवता. त्याचा चेहरा उतरला. "मी तुमच्या तोंडाकडे बघायला हवं होतं," तो म्हणाला. या वेळी तो टाचणीसमोर स्टूल ओढून बसला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "वीज गेल्यासारखं झालं तर लगेच सांगायचं. मी तिथेच थांबेन."

टाचणी खुर्चीच्या कडेला सरकून बसली. मुंगी चावेल, असं आत्या या वेळी म्हणाली नाही. "टोचेल," ती म्हणाली. "थोडा वेळ."

टाचणीने बाही वर केली. डोळे मिटले नाहीत. सुई आत गेली, तिने ओठ दाबले, क्षणभर आपल्या हाताची आतून नीट चौकशी केली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"टोचलं. चमकलं नाही. चालू द्या."