दगडफुलावर पडलेली सावली

मी एक जुनं, पारदर्शक कुंपण आहे. सहा तिरक्या भिंती, वर छप्पर नाही. मित्रांनो, अलास्काच्या टुंड्रात, जिथे झुडपं जेमतेम घोट्याएवढी वाढत, तिथे मी सतरा उन्हाळे काढले.

माझं काम सोपं होतं. वारा अडवायचा, ऊन आत धरून ठेवायचं. त्यामुळे आतली हवा दीडेक अंशाने उबदार राही. जग तापलं तर इथल्या रोपांचं काय होईल, ते आधीच कळावं म्हणून मला बसवलं होतं. तुलनेसाठी शेजारी एक उघडा चौकोन आखला होता.

मूळची नागपूरची उपासना मेश्राम दर जुलैत दूरच्या बॉथेल शहरातून येई आणि ओल्या जमिनीवर गुडघे टेकून एकेक रोप मोजी. माझ्या आत पांढुरकं दगडफूल होतं. "आईच्या मसाल्यात असतं ना, त्याचीच ही बहीण," ती सोबत काम करणाऱ्या कांचनला म्हणे. हिवाळ्यात कॅरिबू हरणं त्यावरच गुजराण करतात.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. आतलं विलोचं झुडूप फोफावलं. "काय ग्रोथ आहे यार!" कांचन म्हणाली. मी फुशारलो नाही असं कसं म्हणू? पण विलोची सावली दगडफुलावर पडली आणि ते दरवर्षी आक्रसत गेलं.

बाराव्या उन्हाळ्यात रुपयाएवढा तुकडा उरला. उपासनाने वरची फांदी बाजूला धरली. त्यावर ऊन पडलं.

"सोड ती," कांचन हळूच म्हणाली. "डेटा खराब होईल."

"माहितीये गं. पण मरतंय ते."

"मरतं का, तेच बघायला आलोय आपण."

उपासनाने फांदी सोडली. पुढच्या जुलैत तिने वहीत शून्य लिहिलं आणि बराच वेळ तिथून उठली नाही. ती ऊब माझीच होती. मला स्वतःची लाज वाटली.

यंदा ती उघड्या चौकोनापाशी थबकली. "कांचन, इकडे ये. हा कंट्रोल प्लॉटच ना?"

तिथेही विलो वर आला होता. दगडफूल कडेने विरळ झालं होतं. तिथे तर कोणी भिंत उभारली नव्हती!

काल प्रयोग संपला. दोघींनी वीस मिनिटांत माझ्या भिंती उतरवल्या. मित्रांनो, माझी ऊब तेवढ्या वेळात थांबली. बाहेरच्या जगाची थांबवायला पुष्कळ हात आणि पुष्कळ वर्षं लागतील. उघड्या चौकोनातलं दगडफूल अजून जिवंत आहे. उशीर करू नका.