खिडकीजवळची खुर्ची

आता ज्यांना इंटर्न म्हणतात, त्यांना त्या काळी उमेदवार म्हणत. पगार नावापुरता, काम मात्र मानेवर खडा ठेवून. सहा महिने झाले की कोणाला कुठल्या विभागात कायम करायचं, ते कंपनी ठरवायची. एका वर्षी एका वित्त कंपनीत तीन उमेदवार होते आणि पहिल्याच आठवड्यात कचेरीनं तिघांचं बारसं उरकलं होतं. प्रत्येक बेरजेखाली पट्टी धरून दोन रेघा ओढणारी, ती फूटपट्टी. जिच्या तोंडात तीळ भिजत नसे, ती चिमणी. आणि बाविसाव्या वर्षीच केस विरळ झालेला, पंख्याखाली मफलर गुंडाळून बसणारा, तो काका.

फूटपट्टी शिंप्याची मुलगी. कापडाची पारख सरळ बाजूनं होत नाही, ते उलटं करून टाके बघावेत, असं वडील सांगायचे. तिचं काम उलटंसुलटं कसंही बघा, एक टाका वाकडा सापडायचा नाही. आणि तिला हवी होती ती एकच गोष्ट. गुंतवणूक विभागातली खिडकीजवळची खुर्ची.

त्या विभागाला काचेची भिंत होती. आत भावांचा फळा, सतत खणखणणारे दोन फोन, आणि अंबाड्यात पेन्सिल खोचून उभ्या असलेल्या बाई. साऱ्या कंपनीत स्वतःचा विभाग असलेली ती एकच स्त्री. खिडकीजवळची खुर्ची बाईंच्या हाताखालच्या माणसाची. ती दोन महिन्यांपासून रिकामी होती. फूटपट्टी जाता येता त्या खुर्चीकडे अशी बघायची, जशी मुलं दुकानातल्या सायकलीकडे बघतात.

आणि बाईंनी पेन्सिल दिली कोणाला? चिमणीला!

झालं असं, की चिमणीनं फळ्यावरचा एका कंपनीचा भाव बघून म्हटलं, "बाई, हा आज जरा जास्तच ताठ उभा आहे, संध्याकाळपर्यंत बसेल बघा." तो भाव खरंच संध्याकाळी बसला. बाई खळखळून हसल्या, अंबाड्यातली पेन्सिल काढून म्हणाल्या, "घे पोरी, तुला लागेल." फूटपट्टीनं त्याच कंपनीचे पाच वर्षांचे आकडे रात्री जागून मांडले होते. त्यावर बाई नुसतं "ठेव तिथं" म्हणाल्या होत्या.

चिमणी त्या पेन्सिलीनं चहा ढवळायची. फूटपट्टी तेव्हा बेरजेखालची रेघ जरा जास्तच दाबून ओढायची.

शेवटच्या आठवड्यात तिघं मागच्या जिन्यावर चहा घेऊन बसली होती.

"मी बाबा कर विभाग," काका म्हणाला. "कर काही जगातून जात नाही. म्हातारपणाची सोय."

"तुझं म्हातारपण सुरू झालंय की!" चिमणी म्हणाली. "आपण काय, जिथं हसायला मिळेल तिथं. बाईंकडे बरं वाटतं मला. आणि तू गं? खरं खरं सांग."

फूटपट्टीचा पेला ओठांशीच थांबला. खरं सांगितलं, तर हिला कळणार की ती खुर्ची मागण्यासारखी आहे. आत्ता नुसतं बरं वाटतंय, मग हवीच वाटेल.

"मला अंतर्गत तपासणी," ती शांतपणे म्हणाली. "पहिल्यापासून तेच डोक्यात आहे. गुंतवणूक कसली? ते अंदाजपंचे काम. बाई आज हसतील, उद्या फोन डोक्यात घालतील."

"अगंबाई! आणि मग मी?"

"तू माणसांत रमतेस. ग्राहक विभाग बघ."

चिमणीनं पेन्सिल चावत मान डोलावली. "तू म्हणतेस म्हणजे विचार करूनच म्हणत असशील." काका मफलर सावरत दोघींकडे पाहत राहिला आणि उरलेला चहा पिऊन उठला.

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. आधी काका, मग चिमणी. चिमणी तब्बल अर्ध्या तासानं बाहेर आली. गाल लाल, केस विस्कटलेले. फूटपट्टीच्या दंडाला चिमटा काढून कुजबुजली, "सांगू नकोस म्हणालेत, पण तुझं काम झालं गं!"

कसलं काम? फूटपट्टी आपल्या कामाचे कागद घेऊन आत गेली.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. तिच्या पुढ्यातल्या नीट शिवलेल्या कागदांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"मी उमेदवाराला त्याच्याबद्दल विचारत नाही," ते म्हणाले. "स्वतःबद्दल सगळेच खोटं बोलतात. शेजारी बसणाऱ्याला विचारलं की खरं कळतं. तुझं ठरलंय. तपासणीत आजवर आम्ही मुलगी घेतली नव्हती, पण तुझ्या मैत्रिणीनं माझं डोकं खाल्लं. तिचं दुसरं स्वप्नच नाही म्हणाली. रडकुंडीला आली होती."

फूटपट्टीनं तोंड उघडलं. पण सांगायचं काय? चिमणीला मीच फसवलं म्हणून?

"आता तिचं सांग. बाई तिला मागताहेत. खिडकीजवळची खुर्ची. देऊ?"

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. त्यात खोलीतला दिवा उलटा दिसत होता. एक 'हो' म्हटलं असतं, तर निदान एकीचं तरी भलं झालं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आली ती चहा ढवळणारी पेन्सिल.

"तिला आकड्यांचा कंटाळा येतो साहेब," ती म्हणाली. "ग्राहक विभागात शोभेल."

"आणि काका?"

"तो काय, कुठंही बसवा."

सोमवारी फलकावर कागद लागला. तपासणीत फूटपट्टी, ग्राहक विभागात चिमणी आणि गुंतवणुकीत, खिडकीजवळ, काका. चिमणीनं कागद दोनदा वाचला. तिचे डोळे क्षणभर भरून आले, पण लगेच तिनं फूटपट्टीला घट्ट मिठी मारली. "तुझं तर झालं ना! माझं राहू दे." मग केसांतली पेन्सिल काढून तिनं काकाच्या खिशात खोचली. "घे रे, आता तुलाच लागणार."

फूटपट्टीनं तपासणीत चौतीस वर्षं काढली. पुढे त्या विभागाची प्रमुख झाली. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही, असा तिचा दरारा. वर्षातून एकदा तपासणीसाठी ती गुंतवणूक विभागात जायची. काका उठून आपली खुर्ची तिला द्यायचा. एक दिवस, नऊ ते पाच, ती त्या खिडकीजवळ बसायची. खाली रस्ता, समोर एका घराची गच्ची, दोरीवर वाळत घातलेली पांघरुणं. दर वर्षी काका तेच म्हणायचा, "मला इथं कोणी बसवलं, अजून कळलं नाही बघ. मला तर कर विभाग हवा होता." ती मान वर न करता बेरजेखाली दोन रेघा ओढायची.

तिच्या निरोपाच्या दिवशी चिमणी भाषणाला उभी राहिली. जाडजूड झाली होती, केस पिकले होते. ग्राहक अजूनही तिच्याच टेबलापुढे रांग लावत.

"ही आज एवढी मोठी झाली, ती कोणामुळे? माझ्यामुळे!" ती म्हणाली. "साहेबांशी अर्धा तास भांडले होते. हिला जे हवं होतं, ते मी मिळवून दिलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फूटपट्टी चिमणीच्या त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खुर्चीचा हेवा केव्हाच विरला होता. आज तिला हेवा वाटत होता तो त्या अर्ध्या तासाचा.

"चिमणे," ती म्हणाली, "त्या दिवशी जिन्यावर मी तुला..."

"अगं, तो जिना!" चिमणीनं तिचा हात धरला आणि सगळ्यांकडे वळली. "काय सांगू, आम्ही तिघं तिथं बसायचो, आणि हा काका पंख्याखालीसुद्धा मफलर घालायचा..."

सारे हसायला लागले. काकाही हसला. फूटपट्टीचं वाक्य तसंच राहिलं, आणि तिचा हात चिमणीच्या हातात.